इंग्रजी शब्दांचा अर्थ : व्याख्येतून आणि व्यवहारातून

सोलापूर शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढणारे मूल घरी तेलुगू बोलते, शाळेत मराठी शिकते, बाजारात कन्नड ऐकते आणि गल्लीतल्या सवंगड्यांबरोबर खेळताना दखनी उर्दूही उचलते. या भाषांतील एकही शब्द त्याने कोशातून पाठ केलेला नसतो. कोणता शब्द कोणापुढे, कोणत्या वेळी आणि कोणत्या अर्थाने वापरावयाचा, हे त्याला व्यवहारच शिकवितो. तेच मूल माध्यमिक शाळेत गेले म्हणजे मात्र वहीत दोन रकाने आखते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी प्रतिशब्द. परीक्षेपर्यंत यादी तोंडपाठ असते, परीक्षेनंतर ती पुसली जाते आणि 'आम्हा सोलापूरकरांना इंग्रजी यावयाचे नाही' असा एक चुकीचा समज मात्र मनात कायमचा राहतो.

हा समज दूर करणे हा या लेखाचा हेतू आहे. चार भाषा सहज आत्मसात करणाऱ्या गावाला पाचवी भाषा अवघड नाही. अडचण शिकणाऱ्याच्या बुद्धीत नसून शिकण्याच्या रीतीत आहे. शब्द आणि प्रतिशब्द यांच्यामध्ये बरोबरीचे चिन्ह घातले की अर्थ कळला, ही आपली समजूत मुळातच अपुरी आहे. शब्दाची नेमकी व्याख्या आणि तो ज्या शब्दांच्या संगतीत वावरतो ती संगत, ही दोन्ही कळल्यावाचून शब्द कळत नाही.

इंग्रजीचा अभ्यास कशासाठी?

राज्याचा कारभार मराठीतून चालावा, हे धोरण राज्यस्थापनेपासूनचे आहे. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला आणि पदनाम कोश, शासन व्यवहार कोश, न्यायव्यवहार कोश असे उपयुक्त ग्रंथ सिद्ध झाले. तरीही उच्च न्यायालयाचा निकाल, बँकेचा जामीनपत्राचा नमुना, विम्याचे करारपत्र, रुग्णालयातील तपासणीचा अहवाल आणि केंद्रीय योजनांच्या सूचना यांतून इंग्रजी शब्द आपल्यासमोर येतच राहतात. सन २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकविले जात आहे. परंतु बोलण्यापुरते इंग्रजी आणि करारपत्र वाचण्यापुरते इंग्रजी यांत मोठे अंतर आहे. हे अंतर प्रगत शब्दसंपदेचे होय.

एक उदाहरण घेऊ. चार विणकरांनी मिळून चार लाख रुपयांचे कर्ज घेतले, असे समजा. कागदावर 'जॉइंटली अँड सेव्हरली' असे तीन शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ 'एकत्रितपणे' हे सर्वांना ठाऊक असते. 'सेव्हरली' या शब्दाकडे कोणी लक्ष देत नाही. कोणी तो 'सिव्हिअरली', म्हणजे 'तीव्रतेने', असाही वाचतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'पृथक्‌पणे, एकेकट्याने' असा आहे. 'माझ्या वाट्याचे एक लाख फेडले की मी मोकळा' असे प्रत्येक जण धरून चालतो. कागद मात्र सांगतो की, बँक चौघांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण चार लाखांची मागणी करू शकते. त्याने ते फेडल्यावर उरलेल्या तिघांकडून त्यांचा वाटा मागत फिरावयाचे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातही हेच तत्त्व आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १२८ नुसार, करारात निराळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. तेथील 'को-एक्स्टेन्सिव्ह' या शब्दाचा अर्थ 'सहविस्तृत', म्हणजे जेवढा विस्तार ऋणकोच्या देण्याचा तेवढाच जामीनदाराच्या देण्याचा. एका शब्दाच्या अज्ञानाची किंमत कधी कधी घरातील मागाइतकी असते.

अर्थबोधाच्या आठ वाटा

शब्दाचा अर्थ कसा कळतो, हा प्रश्न आपल्या प्राचीन शास्त्रकारांनीही विचारात घेतला होता. न्यायशास्त्राच्या परंपरेत अर्थबोधाची आठ साधने सांगितली आहेत : व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवृती आणि सिद्धपदाचे सान्निध्य. ही साधने संस्कृतासाठी सांगितली असली तरी कोणत्याही भाषेला लागू पडतात. इंग्रजीच्या शिक्षकाला तर ती आयता पाठ्यक्रमच पुरवितात. सोलापूर जिल्ह्यातील ओळखीची उदाहरणे घेऊन ती क्रमाने पाहू. आठांतील श्रेष्ठ साधन व्यवहार असल्यामुळे आरंभ तेथूनच करावयास हवा.

व्यवहार

शास्त्रकारांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. वडील माणूस दुसऱ्यास म्हणतो, 'गाय आण.' तो गाय आणतो. पुन्हा सांगतो, 'गाय बांध', नंतर 'घोडा आण'. जवळ बसलेले मूल हे सर्व पाहते. कोणता शब्द कायम राहिला आणि कोणता बदलला, हे ताडून ते 'गाय' आणि 'आण' यांचे अर्थ वेगवेगळे करते.

सोलापूरच्या गिरण्यांत असेच घडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे गिरण्या उभ्या राहिल्या आणि अक्षरओळख नसलेल्या कामगारांच्या तोंडी जॉबर, बॉयलर, मस्टर असे शब्द रुळले. चादरीवर नक्षी उठविणारा 'जॅकार्ड' हा शब्दही असाच आला. ते मूळचे जोसेफ मारी जाकार या फ्रेंच संशोधकाचे आडनाव. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याने बनविलेल्या यंत्राला ते चिकटले आणि पुढे सोलापुरी विणकराच्या घरातले झाले.

यांपैकी 'मस्टर' शब्द अभ्यासण्यासारखा आहे. गिरणीतील हजेरीपट म्हणजे मस्टर. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांमुळे हा शब्द गावोगाव पोहोचला. आता इंग्रजी पाठात 'मस्टर करेज' असा प्रयोग आला, तर विद्यार्थी गोंधळतो. धैर्याचा हजेरीपट कसा असेल? येथे शिक्षकाने मूळ व्याख्या सांगावी. लॅटिनमधील 'दाखविणे' या अर्थाच्या धातूपासून हा शब्द आला. तपासणीसाठी सैनिकांना एकत्र आणून उभे करणे, हा त्याचा जुना अर्थ. त्यावरून जमलेल्यांच्या नावांची यादी ती मस्टर. विखुरलेले धैर्य एकवटणे म्हणजे 'मस्टर करेज'. तपासणीत उतरणे, कसोटीस लागणे म्हणजे 'पास मस्टर'. कामावरील मुकादमाला ठाऊक असलेल्या एका शब्दातून दोन प्रगत प्रयोग हाती लागले आणि त्यांसाठी काहीही पाठ करावे लागले नाही.

व्यवहारातून भाषा शिकण्याचे थोर उदाहरणही सोलापूरचेच आहे. १९१० मध्ये येथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. रणभूमीवरील शस्त्रक्रियांच्या धकाधकीत ते चिनी भाषा शिकले आणि पुढे त्याच भाषेत तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू लागले. रुग्णाची वेदना समजून घेण्याची निकड हाच त्यांचा पाठ्यक्रम होता. १९४२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या मुलाचे नाव 'यिन्हुआ' असे ठेवण्यात आले. 'यिन्' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. शब्दाचे घटक कळले की सारा शब्द कसा उजळतो, याचेही हे नाव एक सुंदर उदाहरण आहे.

व्याकरण : शब्दाचे घटक

उपसर्ग, धातू आणि प्रत्यय ओळखणे ही दुसरी वाट. ग्रामपंचायतीत 'बेनेफिशियरी लिस्ट', म्हणजे लाभार्थ्यांची यादी, सर्वांच्या परिचयाची असते. त्यातील 'बेने' या घटकाचा अर्थ 'चांगले'. त्यावरून 'बेनेव्होलंट' म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणारा आणि 'बेनेफॅक्टर' म्हणजे उपकारकर्ता. याच्या उलट 'मॅल' म्हणजे 'वाईट'. 'मॅलप्रॅक्टिस' म्हणजे गैरप्रकार, 'मॅलेव्होलंट' म्हणजे दुष्टबुद्धीचा.

त्याचप्रमाणे ठराव 'युनॅनिमस' झाला, असे आपण लिहितो. 'यून' म्हणजे एक आणि 'ॲनिमस' म्हणजे मन. सर्वांचे एक मन झाले, म्हणून एकमताने. हा एक शब्द उलगडला की त्याचे भाऊबंद दिसू लागतात. 'मॅग्नॅनिमस' म्हणजे मोठ्या मनाचा आणि 'इक्वॅनिमिटी' म्हणजे सुखदुःखात ढळू न देता सम राखलेले मन. शाळेतील एका तासात एका धातूचे असे कुटुंब उभे करावे. सुटे पंधरा शब्द देण्यापेक्षा ते अधिक टिकते.

कोश आणि विवृती

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून महाराष्ट्राला उत्तम द्विभाषिक कोशांची परंपरा आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी तर घरोघरी इंग्रजी पोहोचविले. परंतु द्विभाषिक कोश प्रतिशब्द देतो आणि प्रतिशब्द एकाहून अधिक असतात. त्यांतील प्रस्तुत कोणता, हे कोश सांगत नाही.

म्हणून विवृतीची, म्हणजे सोप्या शब्दांत उलगडून सांगितलेल्या व्याख्येची, जोड हवी. या बाबतीत एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच देशातील अनुभवातून जन्मास आला. मायकेल वेस्ट हे शिक्षणतज्ज्ञ त्या काळच्या अविभक्त बंगालमध्ये ढाक्यास काम करीत होते. अवघड शब्दाचा अर्थ त्याहून अवघड शब्दांत देणारा कोश विद्यार्थ्याच्या उपयोगाचा नाही, हे त्यांनी ओळखले. १९३५ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह जो कोश प्रसिद्ध केला, त्यात अवघ्या १,४९० परिचित शब्दांचा वापर करून सुमारे २४ हजार शब्द व वाक्प्रचार स्पष्ट केले होते. हॉर्नबी यांचा शिकणाऱ्यांसाठी रचलेला कोश १९४२ मध्ये प्रथम जपानमध्ये छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो जगभर पोहोचविला. १९७८ मध्ये निघालेल्या लाँगमनच्या कोशाने सुमारे दोन हजार शब्दांतच सर्व व्याख्या बसविल्या. शाळेच्या ग्रंथालयात असा एखादा कोश असावा आणि तो कुलपात नसावा.

व्याख्या नसेल तर काय होते, हे उजनी धरणाच्या उदाहरणावरून कळेल. धरणाची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे आणि तीपैकी सुमारे ६४ टीएमसी 'डेड स्टोरेज', म्हणजे मृतसाठा. 'डेड' म्हणजे 'मेलेले' एवढेच ठाऊक असलेल्याला ते पाणी निरुपयोगी वाटेल. वास्तविक सिंचनाच्या उपयुक्त साठ्याखाली राहणारे पाणी, अशी त्याची तांत्रिक व्याख्या आहे. उन्हाळ्यात धरण उणे टक्क्यांत गेले तरी सोलापूरकरांची तहान भागविण्यासाठी याच मृतसाठ्यातील पाणी सोडावे लागते. आता कार्यालयातील 'डेड स्टॉक रजिस्टर' घ्या. तेथे 'डेड' म्हणजे टेबल, कपाट यांसारख्या, वापराने संपून न जाणाऱ्या जडवस्तू. 'डेड लेटर' म्हणजे पुस्तकात असून अमलात नसलेला कायदा. एकच 'डेड', पण तिन्ही ठिकाणी त्याची व्याख्या निराळी.

उपमान आणि आप्तवाक्य

उपमान म्हणजे परिचित वस्तूच्या साम्यावरून अपरिचिताची ओळख. नान्नज येथे माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य स्थापन झाले. त्या पक्ष्याचे इंग्रजी नाव 'ग्रेट इंडियन बस्टर्ड'. परगावच्या विद्यार्थ्याला 'शहामृगासारखी उंच मान व लांब पाय, पण आकाराने लहान आणि उडू शकणारा' असे सांगितले की 'बस्टर्ड' हा शब्द चित्रासह मनात उतरतो. हा पक्षी आता अत्यंत दुर्मीळ झाला आहे, म्हणून तर हे चित्र शब्दांतून जपणे अधिक अगत्याचे.

आप्तवाक्य म्हणजे विश्वासू जाणकाराचे सांगणे. काही शब्दांच्या बाबतीत अंदाज बांधणेच धोक्याचे असते. बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे आणि भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तेथूनच सुरू झाली. अशा रुग्णालयाच्या अहवालात 'बिनाइन' किंवा 'मॅलिग्नंट' असा शब्द येतो. वर पाहिलेले 'बेने' आणि 'मॅल' हेच घटक येथे आहेत. पहिल्याचा अर्थ शरीरात अन्यत्र न पसरणारी साधी गाठ, दुसऱ्याचा अर्थ कर्करोगाची गाठ. 'निगेटिव्ह' हा शब्द एरवी वाईट अर्थाने येतो, तपासणी अहवालात मात्र 'शोधलेला दोष आढळला नाही' असा दिलासा देतो. शब्द ओळखता आला तरी त्याचा रुग्णापुरता अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा. विचारण्यात कमीपणा नाही. विचारणे हेही अर्थबोधाचे शास्त्रसंमत साधन आहे.

'रजिस्ट्री' या शब्दाचेही असेच. शेतकऱ्याला रजिस्ट्री म्हणजे जमिनीच्या दस्ताची नोंदणी. बार्शीच्या नोंदणीत मात्र ठरावीक क्षेत्रातील प्रत्येक रुग्णाची पद्धतशीर नोंद, असा तिचा अर्थ आहे. गावात माहिती घ्यावयास आलेल्या कर्मचाऱ्याने हा फरक आधी सांगितला नाही, तर लोक जमिनीच्या काळजीनेच दार लावून घेतील.

वाक्यशेष आणि सान्निध्य

अडलेल्या शब्दाचा अर्थ वाक्याच्या उरलेल्या भागातून उमगतो, त्याला वाक्यशेष म्हणतात. 'एरवी व्हर्बोस असलेल्या वक्त्याने त्या दिवशी मात्र दोनच वाक्यांत भाषण आटोपले.' येथे 'एरवी' आणि 'मात्र' हे दोन शब्द किल्लीचे काम करतात. 'व्हर्बोस' म्हणजे शब्दांचा अतिरेक करणारा, पाल्हाळिक, हे न सांगता कळते. वाचताना 'परंतु', 'म्हणून', 'उदाहरणार्थ', 'याउलट' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांखाली रेघ ओढण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.

सान्निध्य म्हणजे परिचित शब्दाचा शेजार. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, असे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडले. त्यापूर्वी त्यांनी काही वर्षे लाहोरमध्ये अध्यापन केले होते. 'सँक्शन' हा शब्द पाहा. 'टेक्निकल सँक्शन', 'सँक्शन ऑर्डर' यांत त्याचा अर्थ मंजुरी. 'इकॉनॉमिक सँक्शन्स' यात मात्र नेमका उलट, म्हणजे आर्थिक निर्बंध. 'ओव्हरसाइट' हाही दुतोंडी शब्द. 'ओव्हरसाइट कमिटी' म्हणजे देखरेख समिती, तर लेखापरीक्षणाच्या उत्तरात 'ड्यू टू ओव्हरसाइट' म्हणजे नजरचुकीने. देखरेख करणाऱ्या समितीचीच नजरचूक झाली तर दोन्ही अर्थ एकाच वाक्यात येतील!

सोलापूरला सर्वाधिक ओळखीचा असलेला इंग्रजी शब्दही येथे आठवतो. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहरात उठाव झाला आणि इंग्रज सरकारने 'मार्शल लॉ' पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. सोलापूरने हा शब्द कोशातून घेतला नाही, तो भोगून घेतला. रोमन लोकांच्या मार्स या युद्धदेवतेवरून 'मार्शल' म्हणजे 'युद्धविषयक, लष्करी' हे विशेषण आले. मंगळ ग्रहाचे इंग्रजी नावही तेच. 'फील्ड मार्शल' यातील 'मार्शल' मात्र निराळा. तो घोड्यांची निगा राखणाऱ्या सेवकावरून आला आणि पुढे अधिकारपद झाला. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, इंग्रजी अक्षरांत त्यांची जोडणी वेगळी आहे. अर्थ शेजारावरून आणि जोडणीवरून ठरवावयाचा.

संदर्भाची मर्यादा

संदर्भावरून अर्थ काढावा, एवढाच उपदेश करून थांबणे मात्र घातक ठरेल. 'उपाययोजनेनंतर गावातील टंचाई मिटिगेट झाली' आणि 'उपाययोजनेनंतर गावातील टंचाई एक्झॅसर्बेट झाली' ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. संदर्भ सारखाच, व्याकरण सारखेच. पण पहिल्यात टंचाईची झळ कमी झाली, दुसऱ्यात ती अधिकच वाढली. उपाययोजना म्हटल्यावर सुधारणाच झाली असणार, या भरवशावर दुसरे वाक्य वाचणारा अधिकारी अहवालाचा उलटा अर्थ लावील. संदर्भ अर्थाची दिशा दाखवितो, व्याख्या ती निश्चित करते. म्हणून क्रम असा असावा : प्रथम संदर्भावरून अंदाज, मग व्याख्येशी पडताळा, त्यानंतर दुसऱ्या एखाद्या वाक्यात स्वतः केलेला वापर.

शिवाय संदर्भ उपयोगी पडण्यासाठी तो स्वतः समजला पाहिजे. मजकुरातील शंभरांपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द परिचित असतील, तरच वाचक आधाराशिवाय वाचू शकतो, असे या विषयातील संशोधन सांगते. पानापानावर वीस शब्द अडणारे पुस्तक हाती देणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणे होय. सोपे पुस्तक निवडण्यात शिक्षकाने संकोच करू नये.

शाळेसाठी आणि कार्यालयासाठी कार्यक्रम

दोन रकान्यांच्या वहीऐवजी पाच रकान्यांची वही वापरून पाहावी : शब्द, तो जेथे भेटला ते वाक्य, सोपी व्याख्या, त्याचे नेहमीचे सोबती आणि स्वतः केलेले वाक्य. दिवसाला पाच शब्द पुरेत. शाळेच्या दोनशे दिवसांत एक हजार होतात. नोंदविलेल्या शब्दाकडे दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने परत यावे. शिकलेले प्रारंभी वेगाने विसरले जाते, हे एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच दाखवून दिले आहे. उजळणीचे अंतर वाढवीत नेले म्हणजे विस्मरणाचा वेग मंदावतो. उच्च शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी २००० मध्ये ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी ५७० शब्दकुलांची यादी तयार केली. सर्व शास्त्रांच्या इंग्रजी पुस्तकांत वारंवार येणारे हे शब्द आहेत. अकरावीपूर्वीच त्यांची ओळख झाली तर महाविद्यालयाचे पहिले वर्ष सुसह्य होईल.

मुलांच्या घरच्या भाषेला वर्गात मज्जाव करू नये. एखाद्या इंग्रजी शब्दाला तेलुगूत काय म्हणतात, कन्नडमध्ये काय म्हणतात, हे मुलांनाच विचारावे. तीन भाषांतील तीन शब्द फळ्यावर आले की कोणताही शब्द दुसऱ्याची तंतोतंत प्रतिमा नसतो, हे मुले आपोआप जाणतात.

कार्यालयांनी आणि पंचायतींनी आपापल्या कागदपत्रांत वारंवार येणाऱ्या शंभर इंग्रजी शब्दांची सव्याख्य यादी करून ती भिंतीवर लावावी. कोणाही नागरिकाने इंग्रजी कागदावर सही करण्यापूर्वी त्याचा आशय मराठीत विचारावा आणि कर्मचाऱ्याने तो न कुरकुरता सांगावा.

स्वाध्याय

पुढील वाक्यांतील इंग्रजी शब्दांचे अर्थ प्रथम संदर्भावरून ठरवावेत, नंतर उत्तरांशी ताडून पाहावेत.

१. आदेश जुलैमध्ये निघाला, पण वाढ रेट्रोस्पेक्टिव्ह असल्याने एप्रिलपासूनचा फरक मिळाला.
२. सूचना इतकी ॲम्बिग्युअस होती की दोन तालुक्यांनी तिचे दोन अर्थ लावले.
३. भर उन्हाळ्यातही न आटणारा हा झरा पेरेनियल आहे.
४. बैठकीत सारे तावातावाने बोलत होते, टॅसिटर्न सदस्य मात्र नेहमीप्रमाणे ऐकत राहिले.
५. दुष्काळी वर्षात दंड वेव्ह करण्यात आला, त्यामुळे शेतकऱ्यांनी फक्त मुद्दल भरले.

उत्तरे : १. पूर्वलक्षी, म्हणजे मागील तारखेपासून लागू होणारा. २. संदिग्ध, एकाहून अधिक अर्थ निघणारा. ३. बारमाही. ४. मितभाषी. ५. हक्क असूनही वसुली सोडून देणे. पाचव्या शब्दाची गल्लत 'लाट' या अर्थाच्या सारख्या उच्चाराच्या शब्दाशी होऊ देऊ नये.

परकीय भाषेतील कठीण शब्द शिकावयाचा तो मिरविण्यासाठी नव्हे. जो अधिकारी 'सेव्हरली'चा अर्थ जाणतो, त्यानेच तो समोरच्या विणकराला साध्या मराठीत समजावून सांगावयाचा आहे. आणि चार भाषांच्या गल्लीत वाढलेल्या त्या विणकराच्या मुलाने उद्या तो कागद स्वतः वाचून, त्यातील एकेका शब्दाचा अर्थ विचारून, मगच वडिलांना सही करू द्यावयाची आहे.